बर्फाचा वापसा

हिंगोली जिल्ह्यातील शेतकऱ्याची बर्फाशी ओळख बेताचीच असते. कयाधूच्या काठी किंवा औंढ्याच्या टेकड्यांवर हिम कधी पडत नाही. पौषात पहाटे हरभऱ्याच्या पानांवर दव साचते, माणसे शेकोटीभोवती गोळा होतात, आणि थंडीची मजल तेथेच संपते. बर्फ या जिल्ह्यात दोनच वाटांनी येतो. एक वाट रसवंतीच्या गुऱ्हाळाची, जेथे तो गोणपाटात गुंडाळलेला असतो; दुसरी वाट आकाशाची. माघ-फाल्गुनात उभ्या पिकांवर गारा कोसळतात, तेव्हा घटकाभर रान पांढरे होते. मुले गारा वेचतात, म्हातारी माणसे कपाळाला हात लावतात. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यावर अशी गारपीट पुनःपुन्हा झाली. गहू, ज्वारी आणि हरभरा झोपला, फळबागा झोडपल्या गेल्या. त्या वर्षाचे नाव काढले की येथील शेतकऱ्यास अजूनही दुसरे काही आठवत नाही.

त्याच आठवड्यांत, येथून हजारो कोस दूर, काळ्या समुद्राच्या काठी असलेल्या सोची या रशियन शहराजवळच्या डोंगरांवर निराळीच विवंचना चालू होती. येथे नको असलेला बर्फ पडत होता. तेथे हवा असलेला बर्फ वितळत होता. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळास स्की म्हणतात. जगातील उत्तमोत्तम स्कीपटू त्या हिवाळ्यात ऑलिंपिकसाठी सोचीस जमले होते, आणि त्यांच्या पायांखालचा बर्फ उन्हाने पाणावून लगद्यासारखा झाला होता. त्या लगद्यातून दोन भारतीय तरुणही गेले. त्यांची हकीगत सांगावयाची, तर प्रथम ओल्या बर्फाचा स्वभाव ध्यानी घेतला पाहिजे. आणि तो समजून घेण्यास काळ्या रानातील माणसापेक्षा अधिक लायक माणूस शोधूनही सापडावयाचा नाही.

काळ्या मातीचा स्वभाव असा की ती कोरडी असता दगडासारखी कठीण होते, तिला हातभर खोल भेगा पडतात. आणि पावसाने भिजली की फुगते, चिकटते, पायातील वहाण ओढून ठेवते. बैलगाडीच्या चाकाला ती इतकी बिलगते की धाव दिसेनाशी होते. या दोन टोकांच्या मध्ये एक वेळ अशी येते की ढेकूळ सहज फुटते, वखर मोकळा चालतो आणि बी नीट पडते. त्या वेळेस वापसा म्हणतात. तो आला की नाही हे पाहण्यासाठी शेतकरी मूठभर माती उचलून तिचा गोळा करतो आणि तो जमिनीवर टाकतो. गोळा फुटला तर वापसा आला, चपटा होऊन बसला तर अजून थांबावे. घड्याळ आणि पंचांग या कामी दुय्यम आहेत.

बर्फाचीही परीक्षा अशीच मुठीने होते, हे ऐकून नवल वाटेल. हिमाचा अभ्यास करणाऱ्यांनी ओलाव्याच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. कोरड्या हिमाचा हातमोजातील मुठीत गोळाच होत नाही, ते पिठासारखे निसटते. थोडा ओलावा असेल तर गोळा वळतो. आणखी ओले असेल तर कणांच्या मध्ये पाणी दिसते, पण पिळून निघत नाही. त्याहून ओले असेल तर मूठ आवळताच पाणी गळते. आणि ज्यात आकारमानाच्या शेकडा पंधराहून अधिक भाग द्रव पाण्याचा झाला, त्यास हिम म्हणण्यापेक्षा लगदा म्हणणेच बरे. उन्हाळ्यात गोळेवाल्याच्या पेल्यात शेवटी जे उरते, तेच डोंगराच्या उतारावर कोसभर पसरले आहे अशी कल्पना करावी.

आता बर्फावरून पट्टी घसरते तरी का? पुष्कळ वर्षे असे समजले जाई की माणसाच्या वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो. हिशेब केल्यावर दिसून आले की लांबरुंद पट्टीवर विभागलेला तो दाब या कामी अगदीच अपुरा आहे. १९३९ साली बाउडेन आणि ह्यूज या दोघा शास्त्रज्ञांनी प्रयोगांवरून दाखविले की घसरताना जे घर्षण होते, त्याच्या उष्णतेनेच बर्फाचा अत्यंत पातळ थर वितळतो आणि तेच पाणी वंगणाचे काम करते. हा थर डोळ्यास दिसण्याइतका जाड नसतो. केसाची जाडी त्याच्या मानाने फार मोठी. कडक थंडीत तो नीट निर्माणच होत नाही, आणि मग हिम वाळूसारखे खरखरीत लागते. शून्याच्या खाली काही अंशांवर तो बेताचा असतो, आणि त्या वेळी पट्टी सर्वांत सुखाने धावते.

परंतु ऊन चढून हिमाचे तापमान शून्यावर येऊन ठेपले की सारा खेळ उलटतो. आता पाणी वंगणापुरते राहत नाही. ते हिमकण आणि पट्टी यांच्यामधील सगळ्या फटी भरून काढते; आणि दोन काचा मध्ये पाण्याचा थेंब ठेवून एकमेकींवर दाबल्या असता जशा सुटता सुटत नाहीत, तशी पट्टी खालच्या लगद्यास चिकटते. वंगण अति झाले की गाडी पळण्याऐवजी रुतते, हा प्रकार गाडीवानास चमत्कारिक वाटेल. पण पाण्याचे हे दुहेरी वर्तन ज्याने आषाढात पाणंदीतून गाडी हाकली आहे, त्यास मुळीच नवे नाही. मौजेची गोष्ट अशी की उतारावर सावलीचा पट्टा आणि उन्हाचा पट्टा एकाआड एक असतात. सावलीतून सुसाट येणारा माणूस उन्हात शिरताच पाय मागे राहतात आणि धड पुढे जाते. नवशिके लोक अशा ठिकाणी तोंडघशी पडतात, आणि पाहणारे हसतात.

यावर उपाय पट्टीच्या तळाशी असतो. हल्ली हा तळ एका प्रकारच्या प्लास्टिकचा करतात आणि त्यावर यंत्राने बारीक चर पाडतात. थंड, कोरड्या हिमासाठी चर नाजूक ठेवतात. ओल्या हिमासाठी ते ठळक व खोल असतात, म्हणजे पाण्याचा सलग पडदा तुटतो आणि चिकटण्याचा जोर मोडतो. वर मेण चोळतात. पाण्यास दूर सारणारी फ्लोरीनयुक्त मेणे ओल्या दिवशी विलक्षण गुणकारी ठरत. पण ती द्रव्ये निसर्गात नाहीशी होत नाहीत, मेण लावणाऱ्या कारागिरांच्या रक्तातही ती सापडली. म्हणून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून आपल्या स्पर्धांत त्यांस पूर्ण बंदी केली. वेग थोडा कमी झाला असेल. पण बंदी योग्यच झाली.

वसंतातील हिमाचा दिवस मोठा नियमाने चालतो. रात्री आकाश निरभ्र असेल तर जमिनीची उष्णता वर निघून जाते आणि आदल्या दिवशी पाणावलेले हिम गोठून कडक पापुद्रा होतो. सकाळी त्यावर पट्टीची धार टिकत नाही. काचेवर चालल्यासारखे होते. सूर्य वर आला की वरचा बोट-दोन बोटे थर मऊ पडतो, खालचा भाग घट्टच असतो. हे दाणेदार हिम ज्वारीच्या रवाळ कण्यांसारखे दिसते आणि त्यावरून जाण्याचे सुख अनुभवी लोक साऱ्या हंगामात श्रेष्ठ मानतात. हाच बर्फाचा वापसा. तो तास-दोन तास टिकतो. पूर्वेकडील उतारावर आधी येतो, दक्षिणेकडे नंतर, पश्चिमेकडे त्याहून उशिरा. जाणता माणूस सूर्याच्या मागोमाग डोंगराची बाजू बदलीत जातो. दुपार कलली की थर खोलवर भिजतो आणि लगदा होतो. आणि रात्र ढगाळ असेल तर पापुद्रा धरतच नाही. मग दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच चिखल. ढगाळ रात्री थंडी पडत नाही, हे गव्हाची राखण करणाऱ्यास सांगावयास नको.

लगद्यात सापडलेल्या माणसाने काय करावे, याविषयी शिक्षकांचे सांगणे साधे आहे. कडक हिमावर वळताना बाहेरच्या पायावर भार टाकावयाचा असतो. लगद्यात तसे केले तर तो एक पाय खोल रुततो. म्हणून दोन्ही पायांवर भार जवळजवळ सारखा ठेवावा, पट्ट्या एकमेकींजवळ असाव्यात, वळणे लांब व सावकाश घ्यावीत, धार एकदम खुपसू नये. वेग अगदीच कमी करणेही घातक, कारण मंद पट्टी अधिक चिकटते. दमल्यावर थांबावे. दुपारी उशिरा, मांड्या भरून आल्यावर, आणखी एकच फेरी मारण्याचा मोह पुष्कळांच्या गुडघ्यांस भोवला आहे; पट्टी लगद्यात अडकते, शरीर वळते, आणि गुडघ्यातील बंध तुटतो. याहून मोठे भय निराळेच आहे. पाणी हिमाच्या थरांतून झिरपत खाली गेले की थरांची पकड सुटते आणि उतारच्या उतार ओल्या काँक्रीटसारखा खाली येतो. अशा दिवसांत तीव्र चढांखालून दुपारी जाऊ नये, हा डोंगरी लोकांचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्यास दुसरी संधी मिळेलच असे नाही.

आता सोचीकडे वळावयास हरकत नाही. हे शहर मुळात रशियन लोकांचे उन्हाळी विश्रांतीचे ठिकाण. समुद्रकाठी ताडाची झाडे आहेत. स्पर्धा वर डोंगरात होत्या खऱ्या, पण समुद्राची ऊब तेथवर पोहोचत होती. आयोजकांनी मागील हिवाळ्यातील हिमाचे ढीग आच्छादनाखाली झाकून वर्षभर जपून ठेवले होते, पेंढीने झाकलेल्या कडब्याच्या गंजीसारखे. तेवढ्याने काही दिवस निभावले.

भारताचे तीन खेळाडू तेथे गेले होते. बर्फावरील घसरगाडीचा शिवा केशवन, उतारावरील स्कीचा हिमांशु ठाकूर आणि लांब पल्ल्याच्या स्कीचा नदीम इक्बाल. भारतीय ऑलिंपिक संघटनेस आंतरराष्ट्रीय समितीने डिसेंबर २०१२ मध्ये निलंबित केलेले असल्यामुळे ७ फेब्रुवारी २०१४ रोजी उद्घाटनाच्या संचलनात या तिघांस स्वतःच्या देशाचा ध्वज मिळाला नाही. ते ऑलिंपिकच्या ध्वजाखाली चालले. निवडणुकांचे आणि घटनेचे भांडण कार्यालयांत झाले, त्याचा दंड मैदानावरच्या पोरांनी भरला. ११ फेब्रुवारीस निलंबन उठले. केशवनची शर्यत तोवर होऊन गेली होती. नदीम इक्बाल मात्र १४ फेब्रुवारीस भारताचा म्हणून उभा राहिला.

ती शर्यत १५ किलोमीटरची, जुन्या पद्धतीच्या स्कीची होती. या पद्धतीत पट्ट्या बर्फात कोरलेल्या दोन समांतर चाकोऱ्यांतून सरळ पुढे सरकवाव्या लागतात. चढावर पट्टीच्या मधल्या भागाने हिमास धरले पाहिजे आणि सपाटीवर व उतारावर तिने ते सोडले पाहिजे. एकाच पट्टीने धरावे आणि सोडावे, हा कोरड्या थंडीतही नाजूक मामला; ओल्या हिमात तो जवळजवळ अशक्य होतो. तेथे डिंकासारखे चिकट लेप लावावे लागतात. लेप कमी झाला तर माणूस चढावर मागे घसरतो, अधिक झाला तर उतारावरही ढकलीत जावे लागते. श्रीमंत देशांचे मेण लावणारे कारागीर पहाटेपासून डझनावारी पट्ट्या तपासून पाहत होते. ज्यांच्या घरचा हा खेळ, त्या नॉर्वेच्या लोकांचेही अंदाज त्या पंधरवड्यात चुकले. त्यांच्या महिला रिले शर्यतीत पाचव्या आल्या आणि पुरुष चौथे, आणि घरी वर्तमानपत्रांनी पट्ट्यांस व मेणास जबाबदार धरले.

त्या दिवशी दुपारी हवेचे तापमान दहा अंशांच्या आसपास होते. हिंगोलीत एवढ्या तापमानाला लोक कानटोपी घालतात. पण पाऊण तास सर्व शक्ती पणाला लावून चढ चढणाऱ्यास ती धगच होय. नॉर्वेच्या क्रिस येस्पेर्सेनने आपल्या अंगरख्याच्या बाह्या आणि विजारीचे पाय कापून टाकले आणि उघड्या दंडांनी, उघड्या पोटऱ्यांनी शर्यत केली. हिवाळी ऑलिंपिकमधील ते चित्र जगभर छापले गेले. स्वित्झर्लंडच्या डारिओ कोलोन्याने ३८ मिनिटे २९.७ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. तीनच महिन्यांपूर्वी त्याच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली होती.

नदीम इक्बाल जम्मू-काश्मीरचा, सैन्यातील जवान. त्याच्याजवळ कारागिरांचा तांडा नव्हता. जे देश हिमातच जन्मतात आणि ज्यांच्याकडे प्रत्येक ओलाव्यासाठी निराळी पट्टी असते, त्यांच्या बरोबरीने एका सैनिकाने त्या चाकोऱ्यांत उतरावयाचे होते. आणि चाकोऱ्या तर शेवटी शेवटी पाण्याने भरून गेल्या होत्या. त्यास ५५ मिनिटांच्या वर लागली, म्हणजे विजेत्याहून सोळा-सतरा मिनिटे अधिक. तो ८५ वा आला. त्याच्या मागे नेपाळचा दचिरी शेर्पा, आणि सर्वांच्या मागे पेरू देशाचा रोबेर्तो कार्सेलेन, ज्याची बरगडी काही दिवसांपूर्वीच सरावात मोडली होती. कार्सेलेन देशाचा ध्वज हाती घेऊन अंतिम रेषेवर आला, तेव्हा शर्यत जिंकलेला कोलोन्या तेथे त्याच्यासाठी थांबलेला होता. त्याने पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. या आकड्यांकडे पाहून कोणी नाक मुरडील, तर त्याने आधी नांगरलेल्या ओल्या रानातून, पायांस चार हातांच्या फळ्या बांधून, पंधरा किलोमीटर चालून पाहावे.

पाच दिवसांनी, १९ फेब्रुवारीस, हिमांशु ठाकूर उतारावरील जायंट स्लॅलम या शर्यतीत उतरला आणि दोन्ही फेऱ्या पुऱ्या करून ७२ वा आला. आदल्याच दिवशी त्या डोंगरावर महिलांची शर्यत पाऊस, हिम आणि धुके यांच्या मिश्रणात झाली होती. उतारावरील शर्यतींचा प्रश्न लांब पल्ल्याहून निराळा असतो. तेथे प्रत्येक खेळाडू त्याच दांड्यांभोवती वळतो. हिम मऊ असेल तर पहिल्या दहा जणांतच खोल चर पडतो आणि सत्तराव्या माणसास त्या चरातून आदळत जावे लागते. चांगले मानांकन असलेले खेळाडू आधी जातात. म्हणजे ज्यांच्याजवळ सर्व काही आहे त्यांस चांगला बर्फ, आणि ज्यांच्याजवळ थोडे आहे त्यांस उरलेला लगदा. रांगेची ही रीत शेतकऱ्यास कालव्याच्या शेपटाकडील रान असल्यासारखी वाटेल.

हा अन्याय थोडा कमी करण्याचे साधन म्हणजे मीठ. होय, स्वयंपाकघरातलेच मीठ. लग्नकार्यात हाताने फिरवावयाचे आइस्क्रीमचे पॉट ज्यांनी पाहिले आहे, त्यांस यातील मर्म ठाऊक आहे. लाकडी बादलीत बर्फाचे तुकडे घालून वर खडेमीठ टाकतात. मिठाने बर्फ वितळू लागतो. पण एक ग्रॅम बर्फ वितळावयास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते, ती तो आसपासहून ओढून घेतो, आणि मिश्रण शून्याच्या खाली बरेच उतरते, इतके की आतले दूध गोठते. उतारावरही तेच घडते. मीठ काही हिम वितळविते, त्यासाठी लागणारी उष्णता बाजूच्या ओल्या हिमातून घेते, आणि ते ओले हिम गोठून कडक होते. मात्र त्यासाठी हिमात पाणी असावे लागते; कोरड्या हिमावर मिठाचा उपयोग नाही. बारीक मीठ लवकर काम करते पण वरवर. खडेमीठ सावकाश खोल उतरते आणि अधिक वेळ टिकते. सोचीस नेमके खडेमीठ अपुरे पडले. या विद्येतील जाणकार, स्वित्झर्लंडचे हान्स पिरेन, यांनी ते ओळखले आणि स्पर्धा चालू असताना स्वित्झर्लंडहून तातडीने मीठ मागविण्यात आले. कोट्यवधींचा मांड मांडलेल्या त्या उत्सवाचे काही दिवस मिठाच्या गोण्यांवर तरून गेले. तरी हा उपाय उसनवारीचाच. रात्री थंडी पडली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गोण्या सोडाव्या लागतात.

ऑलिंपिक संपले, आणि ७ ते १६ मार्च या काळात त्याच डोंगरांवर अपंग खेळाडूंच्या स्पर्धा झाल्या. तोवर ऊन अधिकच चढले होते. शर्यती शक्य तितक्या सकाळी ओढाव्या लागल्या. ज्यांस पाय नाहीत ते एकाच पट्टीवर बसविलेल्या आसनातून घसरतात. लगद्यात ती एक पट्टी फसली तर उठून उभे राहण्याची सोय त्यांस नसते. मराठवाड्यात गारा वेचण्याचे आणि पंचनाम्यांचे दिवस चालू होते, ते हेच.

भारतीय स्कीपटूंच्या नशिबी उबदार ऑलिंपिक येण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. १९६४ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे भारताच्या वतीने पोलिश वंशाचा जेरेमी बुयाकोव्स्की उतारावरील शर्यतीत उतरला. हिवाळी ऑलिंपिकमधील तो पहिला भारतीय. त्या वर्षी इन्सब्रुकला हिमच पडले नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याने उंच डोंगरांवरून बर्फाच्या २०,००० लाद्या आणि ४०,००० घनमीटर हिम वाहून आणले आणि सैनिकांनी ते हातापायांनी तुडवून बसविले. सरावात ऑस्ट्रेलियाचा रॉस मिल्न हा १९ वर्षांचा मुलगा झाडावर आदळून मरण पावला. बुयाकोव्स्कीची शर्यत पुरी झाली नाही, पण तो सुखरूप परतला, आणि १९६८ साली पुन्हा गेला. पुढे १९८८ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे शैलजा कुमार ही हिवाळी ऑलिंपिकमधील पहिली भारतीय स्त्री ठरली. स्लॅलम शर्यतीत ती २८ वी, म्हणजे शेवटची आली. कॅल्गरीस रॉकी पर्वतावरून चिनूक नावाचा उष्ण वारा उतरतो आणि एका रात्रीत हिवाळ्याचा वैशाख करतो. त्या वर्षी तो स्पर्धांच्या ऐन मध्ये आला. शेवटच्या क्रमांकांची अशी यादी वाचून दाखविण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. शर्यत पुरी करणाऱ्यांच्याच यादीत शेवटचा क्रमांक असतो.

हे परमुलखातील झाले. घरचा बर्फ आहे तो काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंड येथे. गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथे १९२७ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी स्कीचा क्लब काढला, आणि १९४८ मध्ये भारतीय सैन्याने तेथे जवानांस स्की शिकविण्याची शाळा सुरू केली. आज गुलमर्गचे पुष्कळ लोक हिमावरच जगतात. कोणी शिक्षक आहे, कोणी पट्ट्या भाड्याने देतो, कोणी प्रवाशांस लाकडी घसरगाडीवर बसवून ओढतो. घसरगाडी ओढणाऱ्याचा हंगाम मोजून दोन-तीन महिन्यांचा; बाकी वर्षाची चूल त्यावर.

काश्मिरात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांस चिल्लई कलान म्हणतात, म्हणजे थोरली थंडी. या काळात पडलेले हिम कोरडे असते, ते टिकते, थरावर थर चढून घट्ट होते; वसंतात सावकाश वितळून झऱ्यांस आणि झेलमेस पाणी पुरविते. तेच हिम उशिरा, फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये पडले, तर ते मुळातच ओलसर असते, आणि चार दिवसांच्या उन्हाने लगदा होऊन वाहून जाते. मृगाचा पाऊस आणि उत्तरेचा पाऊस मापाने सारखा भरला तरी पिकास सारखा नसतो, हे कोरडवाहू शेतकरी जाणतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या कुरणांवर तपकिरी गवत दिसत होते. देशोदेशीचे प्रवासी आले आणि परत गेले. पट्ट्या भिंतीस टेकून उभ्या राहिल्या. हिम आले ते चिल्लई कलान सरता सरता. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्ग येथील भाग २२ फेब्रुवारी २०२५ पासून व्हावयाचा होता. उतारावर पुरेसे हिम नसल्याने तो पुढे ढकलावा लागला.

या स्पर्धांस महाराष्ट्राचीही मुले-मुली जातात. लेहच्या गोठलेल्या पृष्ठावर स्केटिंगमध्ये महाराष्ट्राच्या खेळाडूंनी पदके मिळविली आहेत. त्यांतील बहुतेकांचा सराव घरी चाकांच्या स्केटवर, सिमेंटच्या अंगणात होतो. स्कीसाठी मात्र अंगण पुरत नाही. त्यासाठी डोंगर लागतो, डोंगरावर हिम लागते, आणि ते वेळेवर यावे लागते. उत्तराखंडातील औली येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम हिम उडविणारी यंत्रे आणली गेली. पण यंत्रासही हवा थंडच लागते. पंप पाणी फेकतो, गोठविण्याचे काम रात्रीने करावयाचे असते. बीजिंग येथे २०२२ चे ऑलिंपिक जवळजवळ सर्वस्वी अशा कृत्रिम हिमावर झाले, कारण तेथील रात्री कोरड्या आणि कडाक्याच्या होत्या. गुलमर्गजवळचा आरिफ खान तेथे जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. लहानपणी घरामागच्या उतारांवर जे हिम त्यास फुकट मिळाले, तेच त्याचे खरे भांडवल.

गुलमर्गच्या त्या लांबलेल्या स्पर्धा अखेर ९ ते १२ मार्च २०२५ या दिवसांत झाल्या. हिम ऐन वेळी, महिनाअखेरीस पडले होते. त्या सुमारास वसमत-हिंगोलीकडे हळद शिजविण्याच्या कढया रानोरान पेटलेल्या असतात, आणि वाळत घातलेल्या हळदीपाशी बसलेला माणूस दर घटकेस आभाळाकडे पाहत असतो. गुलमर्गचा शिक्षकही त्याच वेळी पहाटे दार उघडून, बाहेरचे मूठभर हिम उचलून, त्याचा गोळा करून पाहतो.